अर्थिंगचं मीठ

माघ लागला, मिरचीची तिसरी तोड आली, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या विहिरीवाल्याने पाण्याला नाही म्हटलं. नाही म्हणण्याची त्याची रीत मात्र चांगली होती. म्हातारा स्वतः बांधापर्यंत चालत आला, काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, आधी मिरचीचं कौतुक केलं. मग म्हणाला, “उखा, आम्हनं बी पाणी घटी गयं रे भाऊ. आते तू तुन्ही मोटर चालू कर. आठ महिना व्हई ग्यात.”

उखा सऱ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला उकिडवा बसला होता. तो उठला नाही. फावड्याच्या दांड्यावरची वाळलेली माती नखाने काढत राहिला आणि म्हणाला, “व्हय काका.”

चार सऱ्या पलीकडे त्याची बायको छबूबाई मिरची तोडत होती. तिने सगळं ऐकलं. कमरेला खोचलेला ओटा भरून आला होता, मिरचीची आग बोटांच्या पेरांतून मनगटापर्यंत चढली होती. तिने ओटा पाटीत रिकामा केला आणि पुन्हा वाकली. पाण्याविना मिरची आठ दिवस तग धरेल, फार तर दहा. मग पानं खाली मान घालतील आणि झाडावरची हिरवी मिरची तांबडी न होताच सुरकुतेल. हे उखालाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत ती म्हणाली, “रविवारले इंद्रसिंगले बोलाई ल्या.” इंद्रसिंग हा गावातला वायरमन. “पेटी बदलाई ल्या, अर्थिंगना खड्डा नवा खंदी ल्या.”

“दखूत.”

“आठ महिना तुम्ही दखूतच म्हणी ऱ्हायनात.”

“त्याले टाईम नही शे.”

“मी इचारं त्याले. टाईम शे त्याले.”

उखाने तांब्या वर धरून पाणी प्यायलं, उरलेलं अंगणात फेकलं, आणि गोठ्याकडे वळला. पूर्वी तो तिला ‘नवनीतनी माय’ म्हणून हाक मारायचा. आता कशानेच मारत नसे. काही हवं असलं की खाकरायचा, आणि ती वळून बघायची.

नवनीत त्यांचा थोरला. बावीस वर्षांचा होता. मागच्या ज्येष्ठात, पाऊस यायचा होता तेव्हा, विहिरीवरच्या मोटारीची पेटी हाताला झिणझिण्या द्यायला लागली. त्याने इंद्रसिंगला विचारलं. इंद्रसिंग म्हणाला, उन्हाळ्याने अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, पाच किलो जाडं मीठ टाक, दोन हंडे पाणी ओत, मग पेटीला हात लाव. सगळ्या शिवारात हीच रीत. खड्ड्यात लोखंडी पाटा पुरलेला, भोवती कोळसा आणि मीठ, पाट्यापासून पेटीपर्यंत तार. उन्हाळ्यात खड्ड्याला मीठ-पाणी द्यायचं, जसं गुरांना द्यायचं.

शेतातून यायला त्याला उशीर झाला. अंगणाच्या फाटकात मातीच्या पायांनीच उभा राहून त्याने धाकट्या बहिणीला, रुपाला, मीठ आणायला आत पाठवलं. छबूबाईने तेवढ्यात देवापुढे दिवा लावला होता, हात जोडलेले अजून सुटायचे होते. दिवेलागण झाली की मीठ घराबाहेर जात नाही. तिच्या सासूने कधी दिलं नव्हतं, तिनेही कधी दिलं नव्हतं. वाण्याच्या दुकानातसुद्धा दिवा लागला की मीठ तोलत नाहीत. ती रुपाला म्हणाली, “सकाये लई जाय म्हणा दादाले. रातले काय करस मीठनं.” रुपा रिकाम्या हाताने परत गेली. नवनीत फाटकातूनच हसला, “बरं, सकाये ते सकाये,” म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

पहाटे पाचला शेताची लाईट आली. कापसाला पाणी द्यायचं होतं. तो गेला. त्याने पेटीला हात लावला. मीठ बरणीतच राहिलं.

तेराव्या दिवसानंतर छबूबाईने मीठ सोडलं. कुणाला सांगितलं नाही, देवापुढे पाणीही सोडलं नाही. आपल्या वाट्याची भाजी आधी काढून घ्यायची, मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ टाकायचं, एवढंच. रुपाच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. उखाच्या कधी आलं ते त्याने सांगितलं नाही. पण एकदा, ताटावर बसलेला असताना, तिच्याकडे न बघता तो म्हणाला होता, “मीठघाई काय व्हतं? काहीच फरक पडता नही.” पुढेही दोन-तीनदा म्हणाला. मिठाने काही फरक पडला नसता असं नवरा आपलं मन राखायला म्हणतोय, असं ती समजली. मन राखणाऱ्याने निदान तोंडाकडे बघावं, असं तिला वाटायचं. पण त्यालाही मुलगाच गेला होता.

शुक्रवारी सकाळी ती शाळेत गेली. गावच्या हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी खिचडी शिजायची. ती आणि मीनाबाई, दोघीजणी स्वयंपाकाला. चूल पेटवून आधण ठेवलं, तांदूळ निवडले, डाळ धुतली. मीठ छबूबाई अंदाजाने टाकायची आणि चव मीनाबाई बघायची.

“आज बराबर शे,” मीनाबाई तळहातावरचे दोन दाणे चाखत म्हणाली. “तू चाखत नहीस, तरी तुन्हा हात चुकत नही. मन्हा जावईले मन्हा हातनं चाखीसन बी खारं लागस.”

छबूबाई हसली. मीनाबाई बडबडी होती, पण तिने मीठ सोडल्याबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता, हे छबूबाई विसरत नसे.

तेवढ्यात दहावीच्या वर्गातली रिना धावत आली. “मावशी, हेमकांत सरांनी मीठ मागितलंय. सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे ना, आज सराव आहे. प्रयोगशाळेतल्या मिठाचा दगड झालाय.”

“किती देऊ?”

“मूठभर. जाडं असलं तरी चालेल म्हणाले.”

रिनाचे हात ओले होते. छबूबाईने स्वतःच वाटीत मीठ घेतलं आणि पदराला हात पुसत तिच्या मागे निघाली. खरं तर तिला त्याच वर्गातल्या रुपाला बघायचं होतं. घरातली पोर शाळेत कशी दिसते ते आईला कधी कळत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे शेवटची खोली. तीन टेबलं, भिंतीला कपाट, त्याची एक काच फुटलेली. मधल्या टेबलाभोवती पंचवीसेक मुलं-मुली गोळा झाली होती आणि टेबलाशी रुपा उभी होती. काचेच्या पेल्यात पाणी. जुन्या सेलमधल्या दोन काळ्या काड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचून ती त्या पाण्यात सोडत होती. काड्यांना वायरी जोडलेल्या, एक लाल, एक काळी. लाल वायर चौकोनी बॅटरीला, काळी एका बारीक दिव्याला, आणि दिव्यातून बॅटरीला.

पाण्यात वायरी जाताना बघून छबूबाईने दाराची चौकट धरली. वाटी हातात तशीच राहिली.

हेमकांत सरांनी वर बघितलं. तरुण माणूस, मोलगीच्या शाळेतून दिवाळीनंतर बदलून आलेला. “या मावशी, आत या. घाबरू नका, नऊ व्होल्टची बॅटरी आहे. जिभेला लावली तरी काही होत नाही. थांबा दोन मिनिटं, तुमच्या मिठाची करामत बघून जा.”

ती दाराच्या चौकटीशीच थांबली. रुपाने तिच्याकडे पाहिलं आणि किंचित हसली.

“तर आता हे शुद्ध पाणी आहे,” सर म्हणाले. “रुपा, बटण दाब. काय दिसतं?”

“काही नाही सर. दिवा लागत नाही.”

“का लागत नाही?”

“शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही.”

“आता मावशींचं मीठ टाक. दोन चमचे. हलव.”

रुपाने दाराशी येऊन आईच्या हातातली वाटी घेतली, दोन चमचे मीठ पाण्यात टाकलं, उरलेलं कागदावर ओतलं. काचेच्या कांडीने हलवताना खडे तळाशी किणकिणले, मग विरघळत गेले. तिने पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला. लहानसा, हिरवा. दोन्ही काड्यांना बुडबुडे धरले, दुधाला उकळी येण्याआधी कडेला धरतात तसे, आणि सुटून वर येऊ लागले. सरांनी बाटलीतून दोन थेंब टाकले तर एका काडीभोवतीचं पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या काडीपाशी वाकून एका पोराने वास घेतला. “सर, पाण्याच्या टाकीत टाकतात त्या टीसीएलचा वास येतोय.”

“तो क्लोरीन. मिठातूनच निघाला. मीठ फोडलं आपण विजेने.” सर खुशीत होते. प्रयोग पहिल्याच खेपेला जमला होता. “हे नुसतं परीक्षेपुरतं नाही बरं का. तुमच्या शेतात आहे हे. मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ का टाकतात? याच्यासाठी. ओलं मीठ असलं की वीज जमिनीत उतरते. खड्डा कोरडा पडला, मीठ नसलं, की जमिनीत उतरायला तिला वाट नाही. मग पेटीला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून उतरते. मूठभर मिठाने माणूस वाचतो. लिहून घ्या.”

कुणीच लिहून घेतलं नाही.

सरांना वाटलं मुलांना समजलं नाही. ते पुन्हा सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण सगळी मुलं खाली बघत होती. रिना रुपाकडे बघत होती. रुपा दाराकडे बघत होती. पेल्यात बुडबुडे येतच होते. तिचं बोट अजून बटणावर होतं.

छबूबाईने रिकामी वाटी टेबलावरून उचलली. “खिचडी लागी जाई,” ती म्हणाली आणि व्हरांड्यातून चालू लागली.

मुलांना वाढून झाल्यावर ती मोठं पातेलं घासत बसली होती. हेमकांत सर आले. मोरीपाशी उभे राहिले, बसायला काही नव्हतं. मीनाबाई उगीचच बादली घेऊन बाहेर गेली.

“मावशी, मला माहीत नव्हतं. आत्ता मुलांनी सांगितलं. मी या गावचा नाही...” त्यांना पुढे सुचेना. “माझी चूक झाली.”

“तुम्हनी काय चूक, सर. पुस्तकात असंल ते सांगितलं.” ती राखेने पातेलं घासत राहिली. मग हात थांबवून तिने विचारलं. शाळेतल्या माणसांशी ती शाळेतली भाषा बोलायचा प्रयत्न करायची, पण ती शेवटपर्यंत पुरत नसे. “सर, एक सांगा. पाच किलो मीठ पडलं असतं खड्ड्यात, आणि दोन हंडे पाणी. तर माणूस वाचता का?”

खोटं बोलायची सरांना सवय नव्हती आणि खरं बोलायचं धैर्यही गोळा करावं लागत होतं. “तसं खात्रीने नाही सांगता येत, मावशी.”

“पण फरक पडता.”

“हो. फरक पडला असता.”

“बरं,” ती म्हणाली. “तुम्हाला खिचडी ठेवलीय डब्यात. थंडी व्हई जाई.”

त्या दुपारी रुपा थेट घरी आली, आणि आईशी न बोलता धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. तिथे ती लहानपणी रुसून बसायची. छबूबाईने बराच वेळ वाट बघितली. मग आत जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसली. कोठीच्या पत्र्याचा गारवा पाठीला लागत होता.

“पोरी, काही खायनी नहीस.”

“माले सोमवारले परीक्षाले जानं नही.”

“अशी कशी नही?”

“माले तोच प्रयोग येई. मी बटण दाबाव नही.”

छबूबाईने तिच्या केसांवर हात ठेवला. रुपाने तो काढून टाकला नाही, पण मान हलवली. “माय, तुले एक सांगनं शे.”

“सांग.”

“दादानी माले सांगं व्हतं, मायले इचारू नको. ती देवाव नही. बरणीमझारनं गुपचूप ली ये.” ती जमिनीकडे बघत बोलत होती, अगदी हळू. “आनी मी इचारं. मी तुले इचारं, म्हनीसन तू नही म्हनं. नही इचारं अस्तं ते...”

आठ महिने ही पोर घरात वावरली, अभ्यास केला, भांडी घासली, आईची भाजी अळणी असते हे बघितलं, आणि हे पोटात ठेवून होती. मिठाचं ओझं आपल्या एकटीचं आहे असं छबूबाईला वाटत होतं, आणि पंधरा वर्षांची पोर त्याचं दुसरं टोक उचलून चालत होती.

“तुन्ही काही चूक नही,” ती म्हणाली. “मायले इचारनं ही चूक ऱ्हास का?”

“मंग कोन्ही शे?”

याचं उत्तर छबूबाईकडे होतं, पण ती उठली आणि पोरीसाठी भाकर घ्यायला चुलीकडे गेली.

शनिवारची शाळा सकाळची. छबूबाई अकराला मोकळी झाली आणि घेवरचंद शेठच्या दुकानावर गेली. गल्ल्यावर शेठाणी होती, धनकंवर, चष्मा कपाळावर चढवून तूरडाळीतले खडे काढत बसलेली.

“पाच किलो जाडं मीठ द्या भाभी.”

“पाच? लोणच्याला अजून दोन महिने आहेत की.”

“शेतमा पाहिजे.”

धनकंवरचा हात डाळीतच राहिला. तिने चष्मा खाली ओढून छबूबाईकडे पाहिलं. मग काही न विचारता उठली, पोत्यातून मीठ काढलं, काटा बरोबर झाल्यावरही आणखी एक ओंजळ वर टाकली आणि पिशवीचं तोंड स्वतः बांधून दिलं. दुकानाची पायरी उतरताना छबूबाईच्या कानावर तिचं पुटपुटणं आलं. देवाचंच काही तरी होतं.

पिशवी डोक्यावर, कडेवर रिकामी कळशी, हातात टिकाव. भर दुपारी ती शेतात पोचली. उखा लांबच्या कडेला बांध सावरत होता. तिला विहिरीकडे जाताना त्याने बघितलं आणि फावडं तसंच धरून उभा राहिला.

विहिरीपाशी लिंबाला टेकून लोखंडी खांब होता, खांबावर पत्र्याखाली पेटी. नवनीत गेला त्याच दिवशी लाईनमनने पोलावरून जोडणी काढून नेली होती, त्यामुळे पेटीत आता काही नव्हतं. तरीही छबूबाई पेटीच्या बाजूने गेली नाही. ती वळसा घालून अर्थिंगच्या खड्ड्यापाशी आली. खड्डा म्हणजे आता नुसती एक खोलगट जागा, त्यात वाळलेलं गवत. पेटीपासून निघालेली जाड तार खांबावरून उतरून त्या गवतात गेली होती.

तिने पदर खोचला आणि टिकाव मारला. माती कोरडी, खालून भसाभस सुटत होती. चार-पाच टिकावांत कोळशाचे तुकडे वर आले. दम लागला म्हणून थांबली. तेवढ्यात उखा आला होता. तो दहा-बारा पावलांवर थांबला.

“काय करी ऱ्हायनी?”

“मीठ टाकस.”

“इंद्रसिंगले येऊ दे ना. मी बोलावस त्याले.”

“आठ महिना नही बोलावं. आज मीच टाकस. आते मी सवताना डोयाघाई दखं, काल, शाळामा. मीठ टाकं का दिवा लागस.” ती पुन्हा वाकली. “तुम्ही सांगेत, मीठघाई काही व्हत नही. व्हस. सरनी बी सांगं.”

“तू सोड ते,” उखा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “सोड. मी खंदस.”

तार टिकावाला आड येत होती. ती बाजूला करावी म्हणून छबूबाईने दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. जोर लावून ओढली, कारण ती खाली पाट्याला पक्की बांधलेली असणार. तार भुसभुशीत मातीतून सहज निघून आली आणि ती मागे पडता पडता सावरली.

तारेचं टोक तिच्या हातात होतं. एक वीतभर आत पुरलेलं, बस्स. टोक तुटलेलं, आणि तुटल्या जागी हाताने वाकवून आकडा केलेला, मातीत धरून राहावा म्हणून. तिने टोक बघितलं. मग खड्ड्यात वाकून हाताने माती उकरली. हातभर खाली पाटा लागला. पाट्याला तारेचा दुसरा तुकडा होता, गंजलेला, आखूड. त्या दोघांच्या मध्ये नुसती माती.

तिला वायरमनचं काही कळत नव्हतं. पण काल तिने पाहिलं होतं: वायर काडीला जोडल्याशिवाय पेल्यात कितीही मीठ टाका, दिवा लागणार नाही.

ती उठून उभी राहिली नाही. खड्ड्याच्या कडेला बसूनच तिने वर पाहिलं.

उखाने फावडं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे त्याच्या हातातून ते उतरलं. “चैतमा तुटनी ती,” तो म्हणाला. “ट्रॅक्टरना रोटर मारी ऱ्हायंतूत. पात्यामा तार आडकनी, तुटी गई. मी बाजूले करी दिनी. म्हनं, पेरनी व्हवो, मंग जोडूत. मंग ऱ्हाई गयं.”

“नवनीतले सांगं नही?”

“ध्यानमाच ऱ्हायनं नही.”

“त्या दिनले?”

“त्या दिनले मी पह्यले उनू आठे. तुम्ही समदा यासन उचली लई ग्यात त्याले. मंग लाईनमन येनार व्हता, पोलीस येनार व्हतात. लोके म्हनतीन, बापनी तार तोडी आन सांगं नही. मी ती मातीमा खोसी दिनी.” तो थांबला. “त्यास्नी लिखं, अर्थिंग कोरडं. बस.”

वारा नव्हता. मिरचीच्या वाफ्यातून उग्र वास येत होता. विहिरीत कुठेतरी पारवा फडफडला आणि शांत झाला.

“तुले सांगी ऱ्हायंतू ना मी,” उखा म्हणाला. “मीठघाई काही फरक पडता नही. मी गंजदाव सांगं, दोनदा, तीनदा. तू ऐकं नही.”

“खरं सांगं तुम्ही,” छबूबाई म्हणाली. “पन अर्धं.” तिचा आवाज वर गेला नाही. “आठ महिना मी अयनी खाई ऱ्हायनू, ताटवर मन्हा समोर बठीसन तुम्ही दखी ऱ्हायनात. आनी अर्धंच सांगी ऱ्हायनात.”

उखा बसला. गुडघे पोटाशी घेऊन, वाफ्याच्या कडेला, म्हातारं माणूस बसतं तसा. त्याचं वय पन्नाशीचंही नव्हतं.

छबूबाईच्या मांडीवर तार होती. तिच्या छातीत काहीतरी हलकं झालं होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. मिठाने काही झालं नव्हतं. आपल्या हाताने काही झालं नव्हतं. हे तिने मनात एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला गेली आणि थांबली.

त्या संध्याकाळी मीठ दिलं असतं, तर नवनीत ते घेऊन इथे आला असता. खड्डा उकरला असता, जशी ती आत्ता उकरत होती. तुटून बाजूला पडलेली तार दिसली असती. त्याने उचलली असती, तुटलेली बघून आधी जोडली असती.

“तो मीठ लईसन आठे येता,” ती म्हणाली, “ते तार त्याना हातमा येती.”

उखाने मान वर केली. हे त्याच्या आधीच मनात येऊन गेलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. किती वेळा येऊन गेलं असेल, कुणास ठाऊक. आणि हेही तो बोलला नव्हता. हे मात्र त्याने तिच्यासाठी पोटात ठेवलं होतं.

“व्हय,” तो म्हणाला.

ऊन कलंडून लिंबाची सावली खड्ड्यावर आली. मग छबूबाई उठली. गुडघ्यांची माती झटकली.

“रुपा सोमवारले परीक्षाले जावाव नही म्हनस.”

“कसाले?”

“तिले वाटस, ती चुकनी. दादानी सांगं व्हतं मायले इचारू नको, आन तिनी इचारं.”

उखाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या बोटांच्या फटीतून आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

“तिले सांगा,” ती म्हणाली.

“तू सांग.”

“मी मन्हं सांगसू. तुम्हनं तुम्ही सांगा.”

“ती मन्हं तोंड बी दखाव नही मंग.”

“नही दखाव. पन परीक्षाले जाई.”

बांधावरून रुपा येताना दिसली. शाळेचे कपडे बदलून, जुना परकर नेसून, डोक्यावर मिरची तोडायची रिकामी पाटी. आई घरी दिसली नाही म्हणून ती शोधत आली होती. विहिरीपाशी उकरलेला खड्डा, मिठाची पिशवी आणि जमिनीवर बसलेला बाप बघून ती लिंबाच्या अलीकडेच थांबली.

“काय व्हयनं, माय?”

“काही नही. ये, बठ.” छबूबाईने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. “तुन्हा बापले काही सांगनं शे. त्याना मांगे माले बी शे.”

रुपा बसली. बापापासून हातभर अंतरावर. छबूबाई उभीच राहिली, बांधाकडे जाणाऱ्या वाटेवर, अशी की उखाला उठून जायचं झालं तर तिला ओलांडूनच जावं लागेल.

उखा खाकरला. आधी म्हणाला, मिरचीले पाणी पाहिजे. मग म्हणाला, इंद्रसिंग उद्या येई. रुपा ऐकत होती. छबूबाई वाटेवरून हलली नाही. उखाने एकदा तिच्याकडे पाहिलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. मग पोरीकडे वळला.

“चैतमा,” तो म्हणाला, “आपले ह्या वावरमा रोटर मारना व्हता...”